चॉटनमधलं जेन ऑस्टिनचं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन आवडणारं कुणी इंग्लंडला निघालं की माझ्याकडे चौकशी येतेच, कारण या घराबद्दल मी भेटेल त्याला सांगत असते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

हे घर नेमकं कुठे आहे?

इंग्लंडच्या दक्षिणेकडे हॅम्पशायरमध्ये आल्टन नावाचं छोटं शहर आहे. त्याच्या शेजारचं गाव चॉटन. गावातल्या रस्त्याच्या अगदी कडेला लाल विटांचं, सतराव्या शतकातलं हे दुमजली घर उभं आहे. आता ते जेनचं संग्रहालय आहे. एकेकाळी इथे सराई होती, नंतर जमीनदाराचा कारभारी राहायचा. ७ जुलै १८०९ रोजी जेन इथे राहायला आली तेव्हा तेहतीस वर्षांची होती. मे १८१७ मध्ये उपचारांसाठी विंचेस्टरला गेली, ती परत आलीच नाही.

तिचा जन्म इथला नाही. मग संग्रहालय इथे कसं?

जन्म १६ डिसेंबर १७७५ चा, स्टीव्हन्टन गावातल्या पाद्र्याच्या घरातला. ते घर एकोणिसाव्या शतकातच पाडलं गेलं, त्यामुळे तिथे बघायला काही उरलेलं नाही. पण ते उभं असतं तरी मी म्हटलं असतं, आधी चॉटनला जा. कारण समजून घ्यायला मधली आठ-नऊ वर्षं बघावी लागतात.

जेनचे वडील जॉर्ज ऑस्टिन निवृत्त झाले आणि १८०१ मध्ये बायको व दोन अविवाहित मुली, कॅसँड्रा आणि जेन, यांना घेऊन बाथ शहरात राहायला गेले. १८०५ च्या जानेवारीत ते वारले. पाद्र्याचं उत्पन्न त्याच्याबरोबर संपतं. तिघी बायका भावांनी वर्षाकाठी ठरवून दिलेल्या रकमेवर अवलंबून राहिल्या. बाथमध्ये भाड्याच्या जागा बदलल्या, नातलगांकडे मुक्काम केले, मग साउथॅम्प्टनला आरमारातल्या भावाच्या, फ्रॅन्सिसच्या, बिऱ्हाडात राहिल्या. सामान बांधायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. या सगळ्या काळात जेनने एक कादंबरी सुरू करून अर्धवट टाकली. नवं पूर्ण असं फारसं काही झालं नाही.

तिचा एक भाऊ एडवर्ड किशोरवयातच नाइट नावाच्या श्रीमंत, निपुत्रिक नातलगांकडे दत्तक गेला होता. दत्तक म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको: आडनाव बदललं, आणि केंटमधली व चॉटनमधली इस्टेट त्याच्याकडे आली. १८०८ च्या ऑक्टोबरात त्याची बायको अकराव्या बाळंतपणानंतर गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने आईला आणि बहिणींना चॉटनचं हे घर देऊ केलं. आई, दोघी बहिणी आणि त्यांची जिवाभावाची मैत्रीण मार्था लॉइड अशा चौघी इथे आल्या. हक्काचं छप्पर मिळालं आणि सव्वादोन वर्षांत पहिलं पुस्तक छापून झालं. पुढच्या सहा वर्षांत बाकी सगळं. म्हणून संग्रहालय इथे.

तिने लग्न का केलं नाही? केलं असतं तर घराची चिंता मिटली असती ना?

मिटली असती, आणि तशी वेळ एकदा आलीही होती. डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या ओळखीतल्या तरुणाने तिला मागणी घातली. मॅनिडाउनची मोठी इस्टेट त्याच्याकडे येणार होती आणि त्याच्या बहिणी जेनच्या मैत्रिणी होत्या. आपल्याकडच्या भाषेत, हातचं सोडू नये असं स्थळ. जेनने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. रात्रभरात तिच्या मनात काय चाललं असेल याचा एकही कागद शिल्लक नाही. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होणार होती, हुंडा म्हणावा असं काही नव्हतं, आणि वडिलांनंतर काय होणार हे तिला कळत होतं.

चॉटनच्या घरात फिरताना ही सकाळ माझ्या मनातून जात नाही. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एलिझाबेथ बेनेट मिस्टर कॉलिन्सच्या मागणीला नकार देते तो प्रसंग आपण हसत वाचतो. पण त्या नकाराची किंमत लिहिणारीला पैन् पै ठाऊक होती.

सहाही कादंबऱ्या इथेच लिहिल्या का?

सहाही इथून बाहेर पडल्या, असं म्हणणं जास्त बरोबर. तीन कादंबऱ्यांचे पहिले खर्डे ती विशीत, स्टीव्हन्टनला असतानाच झाले होते. चॉटनला तिने जुने कागद पुन्हा हातात घेतले, कापले, नव्याने लिहिले. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' ऑक्टोबर १८११ मध्ये आली, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' जानेवारी १८१३ मध्ये. 'मॅन्सफील्ड पार्क' (१८१४), 'एमा' (डिसेंबर १८१५) आणि 'पर्स्वेजन' या मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत इथल्याच.

राहिली 'नॉर्थँगर ॲबी'. तिची गोष्ट ऐकून प्रत्येक लिहिणाऱ्याच्या पोटात तुटेल. 'सूझन' या नावाने ती १८०३ मध्ये क्रॉस्बी नावाच्या प्रकाशकाने दहा पौंडांना विकत घेतली, जाहिरातही केली, आणि छापली नाही. सहा वर्षं वाट पाहून, चॉटनला येण्याच्या जरा आधी, जेनने टोपणनावाने खडसावणारं पत्र लिहिलं. उत्तर आलं: दहा पौंड द्या आणि हस्तलिखित घेऊन जा, दुसरीकडे छापलंत तर आम्ही कायद्याने अडवू. तेव्हा ते दहा पौंड बाजूला काढणं तिला जमलं नाही. १८१६ मध्ये, चार पुस्तकं छापून झाल्यावर, तिने ती परत विकत घेतली. छापील रूपात तिने ती कधीच पाहिली नाही. 'पर्स्वेजन'बरोबर ती १८१७ च्या डिसेंबरात निघाली, तिच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी.

ती ज्यावर लिहायची ते प्रसिद्ध टेबल खरंच तिचं आहे? किती मोठं आहे?

तिचंच, अशी घराण्यात चालत आलेली माहिती आहे. अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनांचं, एका खांबावर उभं. आकार घरातल्या मोठ्या परातीएवढा. कागद, दौत आणि कोपर टेकायला जेमतेम जागा, बस्स. ते घरच्या एका जुन्या नोकराकडे गेलं होतं, फिरत फिरत परत आलं. जेवणाच्या खोलीत खिडकीशी ठेवलेलं आहे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. माझ्या मागून दोन-तीन मंडळी आली, "एवढंसंच?" म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली. तिथे घाई करू नका एवढंच सांगते. खिडकीबाहेर बघा. तिच्या काळी हा लंडन, विंचेस्टर आणि गॉस्पोर्टकडे जाणाऱ्या रस्त्यांचा फाटा होता. घोड्यांच्या टपालगाड्या दारावरून जायच्या आणि आतली माणसं गाडीतून दिसायची. एका प्रवाशाने ऑस्टिन मंडळी मजेत न्याहारी करत बसलेली पाहिली, तर ती बातमी पार नाइट कुटुंबाच्या बाईंपर्यंत पोचली होती! एडवर्डने बैठकीच्या खोलीची रस्त्याकडची मोठी खिडकी म्हणूनच बुजवून बागेच्या बाजूला नवी उघडून दिली. लिहिण्यासाठी स्वतंत्र खोली तिला कधीच नव्हती. लिहिणं जेवणखाण आणि येण्याजाण्याच्या मध्येच चालायचं.

दार करकरायचं आणि ती लिहिलेलं लपवायची, ही गोष्ट खरी आहे का?

ही हकिगत तिच्या पुतण्याने, जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली याने, तिच्या चरित्रात नोंदवली आहे. ते चरित्र १८६९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. तो सांगतो की ती कागदाच्या छोट्या तुकड्यांवर लिहायची, म्हणजे कुणी आलं की झटकन टिपकागदाखाली सरकवता यावेत. एक दार उघडताना करकरायचं आणि ते तिने दुरुस्त करू दिलं नाही. त्या आवाजाने तिला सूचना मिळायची.

माझं मत विचाराल तर यातली लपवाछपवी घरच्यांपासून नव्हती. आई, बहीण, भाऊ सगळ्यांना ठाऊक होतं. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायची पद्धतच होती घरात. आडोसा हवा होता तो नोकरमाणसांपासून आणि अवचित आलेल्या शेजारणींपासून.

हस्तलिखितं बघायला मिळतात का?

हयातीत छापलेल्या एकाही कादंबरीचं हस्तलिखित जगात कुठेही नाही. छापून झालं की मूळ प्रत जपायची रीत तेव्हा नव्हती. 'पर्स्वेजन'ची तिने रद्द केलेली दोन प्रकरणं तेवढी शिल्लक आहेत, आणि ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिची प्रवासात नेता येणारी उतरती लेखनपेटीही तिथेच. कॅसँड्राने काढलेलं तिचं छोटं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. चॉटनला पोचून या गोष्टी शोधत बसू नका.

पत्रांचंही तसंच. जेनने आयुष्यात हजारो पत्रं लिहिली असणार, उरली सुमारे एकशे साठ. म्हातारपणी कॅसँड्राने बहुतेक जाळली, काहींमधल्या ओळी कापून टाकल्या. पुष्कळजण तिच्यावर रागावतात. मला राग येत नाही. जन्मभर एका खोलीत झोपलेल्या दोघी बहिणींचं बोलणं होतं ते, आणि ते आपल्यासाठी लिहिलेलं नव्हतं. ती खोली वरच्या मजल्यावर आहे. इतर खोल्या असूनही दोघींनी एकच खोली घेतली होती.

मग तिच्या हाताच्या अशा कोणत्या वस्तू आहेत?

मोजक्या आहेत, आणि मोजक्या आहेत म्हणूनच लक्षात राहतात.

सगळ्यांची नजर आधी अंगठीवर जाते. सोन्याची, साधी, एका निळ्या खड्याची. जेननंतर कॅसँड्राकडे आणि तिच्याकडून घराण्यात फिरत राहिलेली ही अंगठी २०१२ मध्ये लिलावात अमेरिकन गायिका केली क्लार्कसन हिने १,५२,४५० पौंडांना घेतली. ब्रिटिश सरकारने ती देशाबाहेर न्यायला तात्पुरती मनाई केली. त्या मुदतीत या छोट्याशा संग्रहालयाने देशोदेशीच्या वाचकांकडून वर्गणी गोळा केली आणि ती विकत घेतली. गायिकेनेही मोकळ्या मनाने सोडली.

मला स्वतःला जास्त आवडतात ते पुष्कराजाचे दोन क्रूस. आरमारात असलेल्या धाकट्या भावाने, चार्ल्सने, शत्रूचं जहाज पकडल्याबद्दल मिळालेल्या बक्षिसाच्या पैशातून १८०१ मध्ये दोघी बहिणींसाठी आणलेले. 'मॅन्सफील्ड पार्क' वाचलेल्यांना फॅनीचा क्रूस आठवेल. तोही आरमारातल्या भावानेच दिलेला असतो. भावाची भेट बहिणीने कादंबरीत जपून ठेवली.

आणि ती गोधडी! गोधडी म्हणते खरी, पण आत भरण नसलेलं ते पांघरूण आहे, शेकडो चिटाच्या तुकड्यांचं. आई आणि दोघी मुलींनी मिळून शिवलेलं. मे १८११ च्या पत्रात जेन कॅसँड्राला विचारते, तुकडे गोळा करायचं लक्षात आहे ना, आमचं काम अडलंय. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'ची छपाई चालू होती त्याच वर्षी.

बाहेरच्या जुन्या भाजणघरात गाढवगाडी आहे. शेवटच्या काळात चालवेना, तेव्हा ती हिच्यातून फिरायची.

घरातलं काम कोण करायचं?

हा प्रश्न बायकाच विचारतात, आणि तो अगदी योग्य आहे. नोकर होते, पण देखरेख कॅसँड्रा आणि मार्था यांच्याकडे. आई बागेत राबायची, बटाटे स्वतः खणायची. जेनकडे सकाळची न्याहारी आणि चहा-साखरेची कुलपातली साठवण एवढंच. ती लवकर उठून न्याहारीआधी पियानो वाजवायची, म्हणजे इतरांना त्रास नको, आणि नऊच्या सुमारास न्याहारी मांडायची. नंतरचा वेळ तिचा. तो वेळ तिला बाकीच्या तिघींनी मिळवून दिला होता. या घरात मार्थाची पाककृतींची वही आहे. तिच्याजवळ थांबाल तेव्हा हे आठवा.

भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि अपेक्षेपेक्षा जवळचा. जेनची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये, लग्नाची, हाती पैसा नसलेली मुलगी म्हणून जहाजाने हिंदुस्थानात आली. इथल्या कंपनीच्या गोऱ्या नोकरांमध्ये स्थळ मिळेल म्हणून मुली अशा धाडल्या जायच्या. तिचं लग्न हॅन्कॉक नावाच्या शल्यवैद्याशी झालं. मुलगी इलायझा १७६१ मध्ये कोलकात्यात जन्मली, आणि वॉरन हेस्टिंग्ज हा तिचा धर्मपिता. हीच इलायझा पुढे जेनच्या भावाची, हेन्रीची, बायको झाली. जेनच्या किशोरवयीन लिखाणात बंगालला लग्नासाठी पाठवलेली एक दुःखी मुलगी आहे. ती कुठून आली हे उघड आहे. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मधला कर्नल ब्रँडनही पूर्वेकडे नोकरी करून आलेला. पुष्कराजाचे क्रूस आणणारा चार्ल्स १८५२ मध्ये ब्रह्मदेशात इरावती नदीवर मोहिमेत असताना वारला. आणि मार्थाच्या वहीत हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृती आहे.

पुस्तकांवर तिचं नाव का नव्हतं?

पहिल्या पुस्तकावर 'एका बाईने लिहिलेली' एवढंच छापलं, दुसऱ्यावर 'सेन्स अँड सेन्सिबिलिटीच्या लेखिकेकडून'. सभ्य घरातल्या बाईने पैशासाठी लिहिणं चारचौघांत सांगण्यासारखं मानलं जात नव्हतं. हयातीत एकाही मुखपृष्ठावर तिचं नाव आलं नाही.

या घरातला मला सगळ्यात प्रिय असलेला प्रसंग यातूनच आला. जानेवारी १८१३ मध्ये 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची प्रत लंडनहून आली, त्याच दिवशी मिस बेन नावाची गरीब, एकटी शेजारीण जेवायला होती. रात्री मायलेकींनी तिला नवी आलेली कादंबरी म्हणून पहिल्या खंडाचा निम्मा भाग वाचून दाखवला. मिस बेनला एलिझाबेथ फार आवडली. लिहिणारी समोर बसून वाचते आहे याची तिला कल्पनाही नव्हती. जेनने पत्रात त्या पुस्तकाला स्वतःचं लाडकं लेकरू म्हटलं आहे.

त्या लेकराचे हक्क तिने ११० पौंडांना विकले. तिला दीडशे हवे होते. पुढच्या आवृत्त्यांचा एक पेनीही तिला मिळाला नाही. उलट 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' तिने स्वतःच्या जोखमीवर छापून घेतली होती, आणि पहिल्या आवृत्तीवर १४० पौंड मिळाले.

घराचं संग्रहालय कसं झालं?

आई १८२७ पर्यंत आणि कॅसँड्रा १८४५ पर्यंत इथे राहिली. नंतर घराचे तीन भाग पाडून मजुरांना राहायला दिले. शंभर वर्षांत ते पार खिळखिळं झालं. १९४० मध्ये, ऐन युद्धात, डॉरोथी डार्नेल यांनी ते वाचवण्यासाठी जेन ऑस्टिन सोसायटी स्थापन केली, पण पैसा जमेना. १९४७ मध्ये टी. एडवर्ड कार्पेंटर या वकिलाने ते तीन हजार पौंडांना घेतलं. त्यांचा मुलगा फिलिप १९४४ मध्ये इटलीत लढताना मारला गेला होता. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी हे घर वाचकांच्या स्वाधीन केलं. जुलै १९४९ मध्ये ते खुलं झालं.

आत दिसतं ते सगळं मूळचं आहे का?

नाही. भिंती, मजले, चुली, दारं बरीचशी जुनी. पलंगासारखं पुष्कळ सामान त्या काळच्या नमुन्यावरून आणलेलं. डागडुजीत भिंतींच्या जुन्या कागदाचे तुकडे सापडले, त्यावरून नक्षी पुन्हा छापून लावली आहे. जेवणाच्या खोलीतला हिरवा पानांचा कागद असा आलेला.

मी तिचं काहीच वाचलेलं नाही, फक्त सिनेमे पाहिलेत. जाऊ का?

जरूर जा. पण जाण्याआधी एक तरी वाचा, आणि माझं ऐकाल तर 'पर्स्वेजन' वाचा. सगळ्यांना आधी 'प्राइड अँड प्रेज्युडिस' सुचवली जाते, आणि ती आहेच तशी. पण 'पर्स्वेजन'ची ॲन इलियट सत्तावीस वर्षांची आहे, घरात तिला कुणी विचारत नाही, राहतं घर भाड्याने द्यावं लागतं आणि बाथला जावं लागतं. जेन आजारी पडायला लागली होती तेव्हा, ऑगस्ट १८१५ ते ऑगस्ट १८१६ या वर्षात, याच घरात ती लिहिली गेली. वाचून गेलात तर खोल्या वेगळ्या दिसतील.

जायचं कसं आणि वेळ किती ठेवावा?

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून आल्टनपर्यंत थेट गाडी आहे, सव्वा तासाच्या आसपास. पुढे बस, टॅक्सी किंवा अर्धा-पाऊण तास पायी. घर लहान, खोल्या बुटक्या, म्हणून तिकीट आधी राखून ठेवा आणि खुलं असण्याच्या वेळा निघण्यापूर्वी तपासा. घराला दीड-दोन तास, बागेला वेगळा अर्धा.

जवळपास आणखी काय बघावं?

पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर चॉटन हाउस आहे, एडवर्डचा मोठा वाडा. तिथे २००३ पासून जुन्या काळच्या इंग्रजी लेखिकांच्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे. जेनच्या आधी लिहिणाऱ्या, आता विसरल्या गेलेल्या कितीतरी बायका तिथे भेटतात. वाड्याशेजारच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात आई आणि कॅसँड्रा यांच्या कबरी आहेत.

जमलं तर त्याच दिवशी विंचेस्टरला जा. कॉलेज स्ट्रीटवरच्या आठ नंबरच्या घरात १८ जुलै १८१७ रोजी, एकेचाळिसाव्या वर्षी, कॅसँड्राच्या मांडीवर डोकं ठेवून जेन गेली. अंत्ययात्रेला बायकांनी जायचा रिवाज नव्हता. लहानशी मिरवणूक रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कॅसँड्रा बघत राहिली. विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये जेनच्या कबरीची शिळा जमिनीत आहे. तिच्यावर स्वभावाची, बुद्धीची, श्रद्धेची स्तुती आहे, पुस्तकांचा उल्लेख नाही. तो आला १८७२ मध्ये, शेजारच्या भिंतीवर लावलेल्या पितळी पाटीवर. शिळा वाचून झाली की डावीउजवीकडे बघा, नाहीतर पाटी चुकते.